पत्र्याखालचे काका, स्लॅबखालची गिटार

दहा ऑक्टोबर. लॅबला आज सुट्टी, म्हणून गिटारच्या तारा बदलायला घेतल्या आहेत. दिवाणावर जुनी चादर पसरली, तिच्यावर गिटार आडवी ठेवली. बाजूला पकड, सुती फडकं, नव्या तारांचं पाकीट. मला गिटार वाजवता येत नाही. सांभाळता येते. भिंतीवर एवढी देखणी वस्तू टांगलेली बघून घरी आलेला प्रत्येक माणूस काहीतरी वाजवा म्हणतो. मी चहा टाकते.

ही गिटार लातूरच्या आमच्या घरमालकांची. मी मूळची कंधारकडची. अकरावी-बारावीला वडिलांनी मला लातूरला ठेवलं तेव्हा त्यांच्या घरातली मागची खोली मिळाली. तिथं भाड्यानं राहणाऱ्या सगळ्या मुली त्यांना काका म्हणायच्या, मीही तेच म्हणते.

गिटार जुन्या घाटणीची आहे. हल्लीची इलेक्ट्रिक गिटार म्हणजे भरीव फळी असते. ही आतून पोकळ. पोट थोडं फुगीर, छातीवर व्हायोलिनला असतात तशी दोन बाकदार भोकं. रंग मध्ये मधासारखा, कडेला जाता जाता काळपट तांबडा. तारांखाली आवाज उचलणारे दोन चपटे पिकअप, खाली चार बटणं, वर एक खटका. तारांचं एक टोक खुंट्यांना, दुसरं शेपटाकडच्या चकचकीत धातूच्या पट्टीला, आणि मधे तारा ज्या लाकडी तुकड्यावर टेकतात ती घोडी. ही घोडी चिकटवलेली नसते, स्क्रूनं बसवलेली नसते. तारांच्या दाबाखाली नुसती उभी असते. म्हणून तारा बदलायच्या तर एका वेळी एकच. जुनी काढायची, त्या जागी नवी चढवायची, मग पुढची. सगळ्या एकदम काढल्या तर घोडी हातात येते. नंतर तिची जागा केसभर चुकली तरी गिटार कितीही लावा, मानेवरच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे पडदे, त्यांतल्या वरच्या पडद्यांवर ती बेसूरच बोलते.

हे मला काकांनी गिटार माझ्याकडं सांभाळायला दिली त्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आमच्या खोलीच्या दाराबाहेर पायरीवर बसून सांगितलं होतं, कारण ते आत येत नसत.

काका पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. नोकरीची सुरुवातीची वर्षं नांदेडला गेली, आणि तिथं संध्याकाळी एका ऑर्केस्ट्रात ते गिटार वाजवायचे. लग्नं, गणपती, कॉलेजची गॅदरिंग. गिटार सिकंदराबादच्या एका म्हाताऱ्या वादकाकडून घेतलेली. पोकळ गिटारीची एक खोड असते. आवाज वाढवला की ती आपोआप घुमायला लागते, भोंग्यासारखी. त्यावर इलाज म्हणून त्यांनी काकूंच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या त्या दोन भोकांतून आत कोंबल्या होत्या.

"माझं लग्नातलं लुगडं हिच्या पोटात गेलं," काकू प्रत्येक नव्या मुलीला सांगायच्या. "विचारलं सुदिक न्हाई."

"जुनं होतं ते," काका अंगणातून म्हणायचे.

"दोनदा नेसलेलं."

मी अकरावीला आले त्याच वर्षी, त्र्याण्णवच्या भूकंपात, त्यांच्या घराला फारसं काही झालं नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीला एक तडा गेला, तो काकूंनी कॅलेंडरखाली झाकला. पडली ती खेड्यांतली दगडमातीची घरं, आणि काकांची ड्यूटी तिकडं लागली. परत आले ते अंगणात बाज टाकून झोपले. तिथं काय बघितलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. तेव्हा सगळं लातूरच बाहेर झोपत होतं, त्यामुळे कुणाला वेगळं वाटलं नाही. मलाही वडील गावी घेऊन गेले होते. क्लास पुन्हा सुरू झाले तशी मी परत आले. थंडी सरेपर्यंत गल्लीतलं एकेक घर आत गेलं. काका गेले नाहीत. त्यांनी अंगणात वाशांवर पत्रे टाकून स्वतःपुरती एक खोली बांधली.

"पत्रा पडला तर टेंगूळ येतं," ते म्हणायचे. "स्लॅब पडला तर माणूस शोधावं लागतं."

काकू मात्र आत, पंख्याखाली. "मरण यायचं असंल तर वाऱ्याखाली येऊ दे बाई," असं त्यांचं मत होतं. जेवणाचं ताट त्या मागच्या दाराच्या उंबऱ्यापर्यंत आणायच्या, काका बाहेरून घ्यायचे. भाजी वाढायची असली की ते ताट आत सरकवायचे, हात तेवढा आत. एक संसार उंबऱ्याच्या दोन बाजूंनी चालू होता आणि बोलणं-भांडणं सगळं नेहमीसारखं होतं. फक्त आवाज थोडा चढा, कारण अंतर होतं.

मी एकदा म्हणाले, "काका, हा स्लॅब तर तुम्हीच उभं राहून टाकून घेतलाय."

"म्हणून तर. त्या दिवशी मिस्त्री किती वेळा बिडी प्यायला गेला ते मला माहीत आहे ना."

कुठल्याही नव्या इमारतीबद्दल बोलणं निघालं की त्यांचा एकच प्रश्न असे: "माल कुणी कालवला?" दवाखाना असो, मंगल कार्यालय असो. त्या वर्षांत लातूरात क्लास वाढत होते आणि क्लासवाल्यांच्या इमारती चढत होत्या. एका क्लासचे सर सगळं घर मुलींच्या हॉस्टेलसाठी भाड्यानं मागायला आले. काकांनी त्यांना अंगणातल्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "तुमच्या क्लासच्या स्लॅबला पाणी किती दिवस मारलं?"

सर गोंधळले. "ते कॉन्ट्रॅक्टरला ठाऊक."

"म्हणजे पोरं तुमची अन् स्लॅब कॉन्ट्रॅक्टरचा," काका म्हणाले. सर पाणी पिऊन उठले.

आम्ही त्याच सरांच्या क्लासला होतो. काकांनी आम्हाला ताकीद दिली होती की वर्गात बीमच्या खालीच बसायचं, मधल्या मोकळ्या जागेत नाही. आम्ही ऐकलं. महिन्याभरात सरांच्या लक्षात आलं की या घरातल्या मुली पुढच्या बाकाला जागा असली तरी तिसऱ्याच ओळीत बसतात. "या बीमखालच्या पोरी," ते म्हणायचे. नंतर हजेरीतही तेच नाव चालायला लागलं.

गिटार आमच्या खोलीत कशी आली तेही सांगायला हवं. पत्र्याच्या खोलीत काकांनी ती आपल्या उशाशी ठेवली होती. पहिल्याच उन्हाळ्यात पत्रा असा तापला की गिटारच्या पाठीकडचा जोड एका बाजूनं सुटला. आत बोटाचं नख जाईल एवढी फट. काकांनी सरस लावून, कडेनं सुतळी आवळून तो बसवला. त्यांची अडचण सरळ होती. पत्र्याखाली गिटार टिकत नव्हती आणि स्लॅबखाली ते. स्वयंपाकघरात फोडणीची वाफ, पुढच्या खोलीत पश्चिमेचं ऊन. थंड आणि शांत खोली एकच, आमची. मला त्यांनी का निवडलं ते त्यांनीच सांगितलं: "तू अंथरुणाची घडी कोपऱ्याला कोपरा लावून घालतीस."

मग माझ्यामागं कामं लागली. साबणाच्या प्लास्टिकच्या डबीला भोकं पाडून तिच्यात ओला स्पंज, आणि ती डबी गिटारच्या पेटीत, म्हणजे लाकूड कोरडं पडून तडकत नाही. नळाला पाणी दिवसाआड, तेही नशिबात असलं तर. "आपण अंघोळीचं पाणी फरशीला वापरतो, अन् हिचा स्पंज ताज्या पाण्याचा," काकू म्हणायच्या, पण भरून त्याच द्यायच्या. वाजवून झाली की तारांवरचा घाम सुती फडक्यानं पुसायचा. मानेच्या आत एक लोखंडी सळई असते, मान वाकली तर ती पिळायची. "आरसीसीच आहे ही," काका म्हणायचे. पण पिळायची पाव फेराच, आणि मग एक दिवस थांबायचं. "लाकडाला कळायला वेळ लागतो."

एकदा आवाजाचं एक बटण खराब झालं. पोकळ गिटारीत हे सगळ्यात वाईट काम. मागं झाकण नसतं, सगळा जोड छातीवरच्या भोकातून बाहेर ओढावा लागतो आणि त्याच भोकातून परत जागेवर न्यावा लागतो. त्यासाठी आधी प्रत्येक बटणाच्या दांड्याला दोरा बांधून ठेवायचा, म्हणजे नंतर दोरा ओढला की दांडा आपल्या छिद्रातून वर येतो. काकांची बोटं जाड. दोरे काकूंनी बांधले. गिटार मागच्या दाराच्या उंबऱ्यावर आडवी, काकू आत मांडी घालून, काका बाहेर उकिडवे.

"ओढ."

"ओढलं."

"हळू. नथ न्हाई काढायची."

"नथ घेऊन कुठं दिली तुम्ही."

सगळी दुपार हेच चाललं होतं. चारही बटणं जागेवर आली तेव्हा काकूंनी दोरे दातानं तोडले आणि चहा ठेवायला उठल्या. त्यांचा कप आत, काकांचा बाहेर.

मी बारावीत गेले त्या वर्षी काकांनी गल्लीत सांगून ठेवलं की कोजागिरीला वाजवणार. अंगणात, मोठ्या आवाजात, पूर्वीसारखं. भूकंपाच्या वर्षी कोजागिरी कुणीच केली नव्हती आणि तेव्हापासून गिटार नुसती पायरीवर, हळू वाजत होती. मी आतून आणून द्यायची, ते वाजवायचे, मी परत नेऊन ठेवायची. काकूंनी दूधवाल्याला जास्तीचं दूध सांगितलं. त्यांच्या मनात आणखी एक होतं, ते त्या भाकरी थापताना बोलून गेल्या. "एवढी हिंमत आली तर आता घरात बी येतील." काका घरात येतात की नाही, हाच त्या घरातला एक प्रश्न होता. बाकी सगळं चालू होतं.

खंडेनवमीला क्लासला सुट्टी नव्हती, टेस्ट होती. माझ्या खोलीत पंधरवड्यापूर्वी बिलोलीची पद्मा राहायला आली होती, अकरावीची. ती सकाळी घरीच थांबली. सगळ्यांनी आपापली हत्यारं पूजेला काढली होती. काकूंची विळी, काकांची टेप, थापी आणि ओळंबा, आमची पुस्तकं. पद्माच्या वडिलांचं शिलाईचं दुकान. नवमीला त्यांच्याकडं मशीन सगळी खोलून, एकेक भाग पुसून, मग हळदकुंकू लावतात. तिला वाटलं गिटारही तशीच पुजायची असणार. मी टेस्ट देऊन आले तेव्हा ती खाली बसलेली, समोर सहाही तारा वेटोळे करून ठेवलेल्या, धातूची पट्टी चिंचेनं घासून लख्ख, आणि तिच्या तळहातावर घोडी.

"अक्का, हे तुटलं ओ."

"तुटलं नाही. ते चिकटवलेलंच नव्हतं."

"मग बसवू?"

"कुठं?"

पद्मानं गिटारीकडं बघितलं. छातीवरचं वार्निश तिनं इतकं स्वच्छ पुसलं होतं की घोडीच्या पायांचा ठसाही उरला नव्हता.

ती स्वतःच उठली आणि काकांना सांगायला गेली. मी मागं उभी राहिले. काका पायरीवर बसले.

"सहाच्या सहा?"

"हाव."

"चिंचेनं?"

"हाव."

"मीठ लावलं का?"

"न्हाई."

"मग वाचली," काका म्हणाले, आणि गिटार मागितली.

त्यांनी तारा चढवल्या, घोडी अंदाजानं उभी केली. मग जागा शोधायची. ती कानानंच सापडते. बाराव्या पडद्यावर तार नुसती हलक्या बोटानं शिवली की एक सूर येतो. तिथंच दाबून छेडली की तोच सूर यायला पाहिजे. दाबलेला चढा लागला तर घोडी शेपटाकडं न्यायची, उतरला तर मानेकडं. सरकवायची ती केसाएवढी. पत्र्याच्या खोलीत ऊन चढलं तसा पत्रा तडतडायला लागला. अंगणात आले तर कोपऱ्यावरच्या देवीच्या मंडळाचा कर्णा. गच्चीच्या जिन्याखाली बसले, तिथंही कर्णा. दुपारपर्यंत त्यांचा सदरा पाठीला चिकटला आणि गिटार तशीच.

"राहू द्या," ते म्हणाले. "कोजागिरीला न्हाई वाजवत."

"दुधाचं सांगून ठेवलंय," काकू आतून म्हणाल्या.

"दूध प्या."

मी म्हणाले, "काका, आमच्या खोलीत खिडकी लावली की मंडळाचं काही ऐकू येत नाही."

"माहीत आहे मला. मीच बांधली ती खोली."

"मग या ना."

ते ओळंब्याला लावलेल्या हळदकुंकवाकडं बघत बसले. मी गिटार उचलली, आत नेऊन माझ्या गादीवर ठेवली, खिडकी लावली आणि दार उघडं ठेवलं. मला यातलं काही येत नव्हतं, पण नियम माहीत होता. मी तार शिवली, मग दाबून छेडली.

"चढी आहे का, काका?"

"चढी आहे. मागं घे."

मी घोडी सरकवली. "आता?"

"अगं किती मागं? उतरली की. पुढं घे."

"एवढी?"

"तिरपी झाली तुझी. खालचा पाय धर, वरचा... न्हाई. सोड तू ती. सोड."

आणि ते आत आले. चपला घालूनच आले. खोलीच्या मध्यावर थांबून त्यांनी एकदा वर बघितलं, मग गादी सरकवून बीमखाली घेतली आणि मांडी घातली. पद्मा कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी. काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि परत गेल्या. थोड्या वेळानं चहा घेऊन आल्या आणि कप काकांच्या गुडघ्याजवळ ठेवला. एवढ्या दिवसांत काकांचा कप पहिल्यांदा आत टेकला होता. काकांचं लक्ष नव्हतं. ते डोळे मिटून तार शिवत होते, दाबत होते, नखानं घोडी ढकलत होते. चहावर साय आली.

शेवटी दोन्ही सूर एक झाले, ते मलाही कळलं. काकांनी वरपासून खालपर्यंत काहीतरी छोटंसं वाजवलं. पोकळ गिटारीचा हा फायदा. विजेशिवायही खोलीपुरती बोलते. मग त्यांनी थंड चहा एका घोटात संपवला आणि मला म्हणाले, "पेन्सिल आण. घोडीच्या पायांभोवती बारीक रेघ ओढ."

मी ओढली.

"आता कुणी बी काढू दे, रेघेवर ठेवली की झालं. मला परत आत यायचं काम न्हाई." ते उठले, पुन्हा एकदा वर बघितलं आणि बाहेर गेले. संध्याकाळी ताट उंबऱ्यावरच घेतलं.

काकू कप उचलायला आल्या आणि ते बसले होते तिथंच बसल्या.

"सणाला बोलावलं. तापात कण्हून राहिले तवा बोलावलं. आन् आले कशापायी, तर एका लाकडाच्या तुकड्यापायी."

"आले ना पण," मी म्हणाले.

काकूंनी गिटारीकडं वाकून बघितलं. "ही रेघ कशाची?"

मी सांगितलं.

"हुशार हायेत," काकू म्हणाल्या आणि कप घेऊन गेल्या.

पाचवी तार चढवून झाली. सहावी राहिली आहे. ती चढवली की आज रात्रीत नव्या तारा ताणून जरा उतरतील, उद्या सकाळी परत लावाव्या लागतील. हे दर वेळचं आहे.

काका पुढं जेवायला आत यायला लागले. लगेच नाही, मी लातूर सोडायच्या सुमाराला. झोपले मात्र शेवटपर्यंत पत्र्याखालीच. त्यांच्या माघारी पुतण्यानं घर पाडायला काढलं तेव्हा काकू गिटार घेऊन एसटीनं एकट्या नांदेडला माझ्याकडं आल्या. "तुला तिची जागा ठाऊक हाय," एवढंच म्हणाल्या आणि जेवून परत गेल्या. लुगडं अजून आतच आहे. लातूरच्या त्या जागेवर आता पाच मजली हॉस्टेल आहे. माल कुणी कालवला ते माहीत नाही.

त्या नवमीच्या दुसऱ्या दिवशी दसरा होता. पद्मा झोपलेली होती. स्वयंपाकघरात काकूंचा चहा उकळत होता. मी कंपासमधलं खोडरबर घेतलं आणि घोडीच्या पायांभोवतीची रेघ पुसून टाकली. वार्निशवर काही उरलं नाही. मग अंगठ्यानं घोडी जराशी शेपटाकडं ढकलली, दार उघडलं आणि पत्र्याच्या खोलीकडं हाक मारली.

"काका, तिसरी तार वरच्या पडद्यांवर उतरून राहिली."